मोजणी दोन तऱ्हेची : शिरगणतीवाला कसा ओळखायचा
(जानेवारी १९९१ मध्ये पाड्यावरच्या बैठकीत झालेलं भाषण)



'मोजणी आली' असं कानावर आलं की आपल्याकडं माणसं दार ओढून रानात जातात. त्यात त्यांची चूक नाय. आजवर मोजणी म्हणजे साखळी घेऊन आलेला माणूस, आणि त्याच्या मागनं आलेली नोटीस. पण ९ ते २८ फेब्रुवारीला येणारी मोजणी जमिनीची नाय, माणसांची आहे. तिला शिरगणती म्हणतात. दर दहा वर्षांनी होते.

ह्या गर्दीत दुसराच कुणी आपला डाव साधून जाईल, म्हणून आज बोलायचं आहे. एका पाड्यावर असंच झालं. 'सर्वे आहे' म्हणून एक जण आला. जंगलखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या बघायला मागितल्या आणि 'उद्या आणून देतो' म्हणून घेऊन गेला. तो उद्या आजवर उगवला नाय. १९८० च्या आधीपासून आपण तो प्लॉट कसतो, ह्याचा पुरावा त्या पावतीतच होता.

तर खरा माणूस कसा ओळखायचा?

एक. तो बहुतेक शाळेचे गुरुजी असतील. त्यांच्याकडं नेमणुकीचं पत्र आणि ओळखपत्र असतं. ओळखीचे असले तरी पत्र मागा. खरा माणूस रागावत नाय. आपल्यातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. गार्ड किंवा तलाठी आला तरी हेच : शिरगणतीचं पत्र आहे का? नसेल तर तो दुसऱ्या कामाला आलाय.

दोन. तो काय विचारतो ते ऐका. नाव, वय, लग्न, भाषा, धर्म, जमात, लिहिता-वाचता येतं का, काम काय करता, कुठून आलात – असे प्रश्न खरे. पावती दाखवा, रेशनकार्ड द्या, फॉर्मचे पाच रुपये द्या, इथं कोऱ्यावर अंगठा करा – हे शिरगणतीचं काम नाय. शिरगणतीला एक पैसा लागत नाय.

तीन. शंका आली तर हाकलू नका, मारामारी करू नका. ओट्यावर बसवा, पाणी द्या, आणि एकाला शाळेत किंवा तहसील कचेरीत विचारायला पाठवा. तालुक्याची शिरगणती तहसीलदाराच्या हाताखाली चालते.

आता भीतीचं बोलू. 'प्लॉट कसतो म्हणून सांगितलं तर केस होईल का?' शिरगणतीचा कायदा १९४८ चा आहे. त्याच्या १५ व्या कलमात लिहिलंय की ही नोंद कुणाला बघता येत नाय, आणि जमिनीच्या दाव्यात किंवा जंगलच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालत नाय. म्हणजे ती आपल्या विरुद्ध वापरता येत नाय. पण आपल्या बाजूनंही येत नाय! 'शिरगणतीत नाव घाल, पट्टा मिळेल' असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. पट्ट्याची लढाई वेगळी आहे, ती चालूच राहील.

बायांनो, नवऱ्याचं नाव घ्यायला कुणी जबरदस्ती केली तर सांगा, कायद्यानं सक्ती नाय. रीत नसेल तर शेजारणीनं सांगावं.

जमात मात्र नीट सांगा. वारली, कोकणा, काथोडी, जी असेल ती. नुसतं 'आदिवासी' म्हणू नका. महादेव कोळ्यांनी नुसतं 'कोळी' सांगितलं तर आदिवासींच्या आकड्यातून बाहेर. धर्म कुठलाही सांगितला तरी जमात जात नाय. लिहिलेलं परत वाचून दाखवायला सांगा.

भट्टीवर गेलेल्यांचं काय? २८ तारखेपर्यंत कधीही घरी येणार असतील तर नाव इथं घालायचं. सगळी मुदत तिथंच असतील तर नाव तिथंच लागतं. शेठ लपवेल, म्हणून त्यांना आजच निरोप धाडा. १ मार्चला सूर्य उगवेपर्यंत जन्मलेलं पोरसुद्धा मोजायचं आहे. १ ते ५ मार्चला गुरुजी परत फिरतील, तेव्हा सांगा.

कागदावर आपल्या पाड्याचं नाव नसलं तरी माणसं आहेत, तर मोजलीच पाहिजेत. घरावर नंबर पडला नसेल तर आपणच गुरुजींना बोलावून आणा.

एकेकाचं नाव गुप्त राहतं, पण गावाचा आकडा छापला जातो. राखीव जागा, आदिवासी उपयोजनेचा पैसा ह्याच आकड्यावर ठरतो. आपण रानात लपलो तर कागदावर पाडा ओस दिसेल. ओस पाड्याला शाळा कोण देणार, आणि 'इथं कुणी राहतच नव्हतं' म्हणायला कुणाला किती वेळ लागणार?

म्हणून दार उघडं ठेवा. पत्र बघा, सगळी माणसं मोजून द्या. आणि पावत्या पेटीतच राहू द्या.

जिंदाबाद!