पलटणीतून आलेला माणूस उंबऱ्याबाहेर राहू नये

(सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. आपण सर्वांनी शाळेत असताना कधी ना कधी पैसे देऊन तो छोटा कागदी झेंडा छातीला लावला आहे. त्या पैशांचे पुढे काय होते, ते कोणाच्या घरी पोहोचतात आणि कोणाच्या घरी पोहोचत नाहीत, हे मात्र आपण कधी विचारले नाही. आज तेवढेच विचारायला आम्ही उभे आहोत.

बेळगावकरांना पलटण म्हणजे काय हे सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे. तिची सर्वांत जुनी पलटण १७६८ सालची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच रेजिमेंटच्या पलटणींतून. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात माळ्यावर काळी लोखंडी ट्रंक नाही असे गाव शोधून काढावे लागेल. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण अभिमान मिरवणुकीपुरता ठेवायचा की माणसापर्यंत न्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्यातील काही जण पहाटे फिरायला जात. वाटेवरच्या देवळाच्या ओसरीत सत्तरीचे एक गृहस्थ रोज झोपलेले दिसत. अंथरुणाची घडी इतकी चोख असे, की आमच्यातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "हा माणूस बराकीत राहिलेला आहे." जाऊन विचारले, तर खरेच. १९७५ साली भरती झालेले, आणि वडील वारल्यावर घरची शेती बघायला म्हणून नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, स्वतःहून अर्ज करून सुटलेले. निवृत्तिवेतन नाही. पत्नी गेली, मूलबाळ नाही. घर भावाच्या नावावर, भाऊ वारला, आणि पुतण्यांनी घर बांधायला काढले तेव्हा "काका, थोडे दिवस बाहेर राहा" म्हणाले. त्या थोड्या दिवसांची तीन वर्षे झाली होती.

आम्ही विचारले, "तात्या, डिस्चार्ज बुक कुठे आहे?" ते म्हणाले, "ट्रंकेत. ट्रंक पुतण्याकडे." मग हळूच म्हणाले, "मी एकदा गेलो होतो एका कार्यालयात. फॉर्म वाचता येईना. परत या म्हणाले. परत कोण जातो?"

मंडळी, या "परत कोण जातो" मध्ये सगळा प्रश्न आला. मदत मिळत नाही असे नाही. मदत टेबलावर असते आणि माणूस ओसरीवर असतो, आणि मधले अंतर चालायला कोणी नसते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात २०१० साली जानेवारीतील एका रात्री केलेल्या मोजणीत सुमारे ७४,००० माजी सैनिक बेघर आढळले. २०२४ च्या जानेवारीत तीच संख्या ३२,८८२ होती. अजूनही लाजिरवाणीच, पण निम्म्याहून कमी. हे कसे झाले? पहिली गोष्ट, त्यांनी मोजले. दरवर्षी रात्री रस्त्यावर, पुलाखाली, आश्रयगृहांत जाऊन मोजले. दुसरी गोष्ट, माजी सैनिकांच्या खात्याने आपली माणसे कार्यालयाबाहेर पाठवली आणि चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा ठेवली. तिसरी गोष्ट, गृहनिर्माण खाते आणि माजी सैनिकांचे खाते यांनी १९९२ मध्ये एकत्र योजना सुरू केली आणि २००८ नंतर ती खूप वाढवली. एका खात्याने भाड्याचा भार उचलायचा, दुसऱ्याने औषधोपचार, व्यसनमुक्ती आणि समुपदेशन पाहायचे. आधी दारू सोड, मग घर देतो, असे न म्हणता आधी छप्पर दिले आणि मग उपचार केले. अमेरिकेचे सगळे उचलावे असे आम्ही म्हणत नाही. पण मोजल्याशिवाय कमी होत नाही, हा धडा घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतील माजी सैनिक किती, हे विचारणारा रकानाच नव्हता. ओसरीवरचे आमचे तात्या सरकारच्या लेखी केवळ एक बेघर म्हातारा. त्यांनी नऊ वर्षे बंदूक धरली होती, हे कोणत्याही कागदावर त्यांच्यासोबत आले नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू, कारण जे आहे तेही आपल्या माणसांना ठाऊक नसते.

शिपायाला साधारणपणे १५ वर्षे नोकरी झाली तरच निवृत्तिवेतन मिळते. निवृत्तिवेतन असलेल्यांना २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा, म्हणजे ईसीएचएसचा, दवाखाना आहे. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा दवाखानाही नाही. अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे निर्धनता अनुदान आहे. ६५ वर्षांवरील, निवृत्तिवेतन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना ते मिळते. ते दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते ८,००० करण्यात आले. मुलांच्या शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नालाही मदत आहे, आणि तीही त्याच वेळी दुप्पट झाली. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. आपण छातीला लावलेल्या झेंड्याचे पुढे काय होते, त्याचे उत्तर हे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोण माजी सैनिक ठरतो, हे सुटका कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने झाली यावर ठरते. ते नियम काळानुसार बदलत आले आहेत. म्हणून "तुम्ही मधेच सोडून आलात, तुम्हाला काही मिळणार नाही" असे कोणी पारावर बसून सांगितले, तर ऐकू नका. डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तेथे विचारा. पुस्तक हरवले असेल तर लष्करी क्रमांक आठवा. क्रमांकावरून अभिलेख कार्यालयात नोंद शोधता येते.

निवृत्तिवेतन असणाऱ्यांचेही छप्पर जाते, हे विसरू नका. 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत वर्षाला हयातीचा दाखला दिला नाही तर वेतन थांबते. गावात एकट्या राहणाऱ्या, मोबाइल न कळणाऱ्या माणसाचे वेतन थांबले, की दोन महिन्यांत किराणा दुकानदार तोंड फिरवतो आणि घरमालक दार वाजवतो. पत्नीचे नाव कागदोपत्री नीट लागलेले नसेल, तर नवऱ्यामागे ती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहते. या गोष्टी माणूस जिवंत आणि धडधाकट असतानाच तपासायच्या असतात.

आणखी एक नाजूक गोष्ट. घर मुलाच्या नावावर करून देणारे आपल्याकडे पुष्कळ. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी दाद मागता येते. बक्षीसपत्रात "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्दही होऊ शकते. ती एक ओळ लिहायला लाजू नका. मुलावर अविश्वास म्हणून ती लिहायची नसते. आपल्या म्हातारपणाचे छप्पर शाबूत राहावे म्हणून ती लिहायची. वकिलाची फी परवडत नसेल, तर जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे, तिची चौकशी सैनिक कल्याण कार्यालयात करा.

आणि मनाच्या दुखण्याबद्दल. सीमेवरून आलेला माणूस रात्री दचकून उठतो, चिडतो, बाटलीला लागतो. आपण म्हणतो, "मिलिटरीवाला आहे, घेणारच." असे म्हणून आपण त्याला घरातून ओसरीवर आणि ओसरीवरून रस्त्यावर जायची वाट करून देतो. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो क्रमांक घरात लिहून ठेवा.

आता आपल्या सीमाभागाचे विशेष दुखणे. चंदगडचा जवान आणि खानापूरचा जवान एकाच पलटणीत, एकाच बंकरमध्ये राहिले. निवृत्त झाल्यावर एक कोल्हापूरच्या कार्यालयात जातो, दुसरा बेळगावच्या. दोन राज्यांच्या योजना वेगळ्या, नियम वेगळे. महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीची योजना आहे, पण तिला महाराष्ट्राचे अधिवास लागते. हद्द कोणी आणि कशी आखली यावरचा आपला लढा आपण सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण त्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत म्हाताऱ्या जवानाला थांबवून ठेवता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मराठीत लिहिलेला अर्ज हातात घेऊन जाताना मान खाली घालायचे कारण नाही. सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडली तर काम लवकर होईल, आणि ती प्रत करून देणे हे आपल्या मंडळाचे काम आहे. म्हाताऱ्याचे काम आधी, भाषेचा वाद आपण तरुणांनी अंगावर घ्यायचा.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. बेघरांच्या मोजणीत "पूर्वी सैन्यात होता का" हा प्रश्न विचारावा. सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसांनी महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी बसावे आणि मराठीत माहितीपत्रक द्यावे. आणि शहरातील निवारा केंद्रांच्या नोंदवहीत माजी सैनिक आढळला, तर त्याची खबर त्याच दिवशी सैनिक कार्यालयाला जावी. या तिन्ही मागण्यांना फारसा पैसा लागत नाही.

हे आता करण्याचे आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेर ते २०२७ च्या सुरुवातीस पुरी होतात. त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा सैन्यात राहणार. बाकीच्यांना सेवा निधी मिळेल, पण निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएस नाही. ही आपलीच मुले आहेत. ती परत येतील तेव्हा त्यांची नोंद आपल्याकडे असायला हवी.

तात्यांचे काय झाले, हे विचारायचे तुमच्या मनात असेल. ट्रंक आणायला आम्ही चौघे गेलो. डिस्चार्ज बुक वाळवीने अर्धे खाल्ले होते, पण क्रमांक शाबूत होता. पाच महिने आणि सात खेपा लागल्या. आज ते एका खोलीत भाड्याने राहतात. पुतण्या आता सणाला जेवायला बोलावतो. तात्या जातात, जेवतात, आणि रात्री झोपायला आपल्या खोलीवर परत येतात.

मंडळाकडून एवढेच मागणे. प्रत्येक गल्लीतून दोन तरुणांनी नाव द्यावे. आपल्या गल्लीतील प्रत्येक माजी सैनिकाच्या आणि सैनिकाच्या विधवेच्या घरी जावे, पुस्तक, क्रमांक आणि हयातीचा दाखला पाहावा, आणि देवळाच्या ओसरीवर, बसस्थानकावर कोणी झोपलेले असेल तर त्यालाही विचारावे. वही दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहून जा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.