चिमटा आट्यांचा, चिमटा बिनआट्यांचा

सायकलीच्या ज्या भागावर आपला जीव सर्वांत जास्त अवलंबून असतो, त्याच भागाकडे आपलं लक्ष सर्वांत कमी असतं. तो भाग म्हणजे पुढचा चिमटा. जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत, प्रत्येक धक्का आधी तोच सोसतो.

चिमट्याची एक नळी वर फ्रेममधून जाते आणि हँडलला मिळते. या नळीच्या वरच्या टोकाला पूर्वीपासून आटे असत. त्यावर कोन आणि नट फिरवायचा, म्हणजे छर्रे जागेवर राहतात. आणि हँडलची दांडी नळीच्या आत उतरवून पाचरीनं घट्ट करायची. 1990 नंतरच्या दशकात डोंगरी सायकलींबरोबर बिनआट्यांचा चिमटा पसरला. त्यात हँडल नळीला बाहेरून आवळतात आणि दोन-तीन एलन-की असल्या की काम होतं. ही रचना हलकी आणि मजबूत आहे, यात वाद नाही.

अडचण येते ती सुट्या भागाची. शहरातल्या कुणी नातेवाइकानं गिअरची सायकल गावाकडे पाठवली. मुलगा तिच्यावर कॉलेजला जाऊ लागला. एका खड्ड्यात चिमटा वाकला. आता तसाच चिमटा आणायला नाशिक नाहीतर मुंबई गाठायची. रेल्वे इकडे नाही, म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवस मोडला. मग सायकल पडवीत टेकून उभी राहते आणि मुलगा पुन्हा पायी चालू लागतो.

अशा वेळी आट्यांचा चिमटा बसवता येतो का? बऱ्याचदा येतो. साध्या, कमी किमतीच्या सायकलींत तो आजही असतो, त्यामुळे मिळण्याची शक्यता अधिक. फ्रेमला आट्यांशी देणंघेणं नसतं, तिला माप हवं. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर, की एक इंच एक सूत, म्हणजे 28.6, हे आधी मोजावं. जुन्या घोडा सायकलीचा चिमटा आणला आणि फ्रेम एक इंच एक सूत नळीची निघाली, तर तो आत खुळखुळेल. नव्या काही फ्रेममधली नळी खाली जाड आणि वर बारीक असते. तिथे हा उपाय चालत नाही.

दुसरं माप उंचीचं. फ्रेमची पुढची उभी नळी, अधिक कप, कोन आणि नट, एवढी मिळून चिमट्याची नळी हवी. जव्हारच्या बाजारात एका मिस्त्रींकडे बसलो असताना एक गृहस्थ घाई करत होते, ‘‘बसतंय ना चाचा, लावून टाका.’’ मिस्त्रींनी चिमटा परत काढला आणि म्हणाले, ‘‘बसतंय दादा, पण धरत नाही. वरच्या नटाला दोनच आटे मिळतायत. पोरगं घाट उतरणार आहे ना?’’ त्यांनी त्या दिवशीचं गिऱ्हाईक सोडलं, चिमटा मात्र लावला नाही.

चिमट्याबरोबर वरचा कोन आणि नटही त्याच आट्यांचे घ्यावेत. कुठे इंचाला 24 आटे असतात, कुठे 26. पाना लावून जबरदस्ती केली की दोन्ही वाया. हँडलची दांडीही नवी लागते. तिच्यावर एक खूण असते, ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. दांडी वरच राहिली तर पाचर आट्यांच्या भागात फुगते आणि तिथेच नळी फाटू शकते. चाकाचं माप जुळावं आणि ब्रेक बसवायची सोयही तीच असावी. डिस्कब्रेकच्या सायकलीला डिस्कची जागा नसलेला चिमटा लावला, तर पुढचा ब्रेकच जातो. उतारावर मुख्य भिस्त त्याच्यावरच असते.

काम झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहा. टकटक जाणवली तर कोन ढिला आहे. पुढचं चाक उचलून हँडल फिरवा. अडखळलं तर जास्त आवळला आहे. आठवडाभरानं पुन्हा एकदा तपासा आणि पावसाळा संपला की ग्रीस बदला.

आट्यांचा चिमटा थोडा जड असतो, जुन्या वळणाचा दिसतो. सायकल विकणारे त्याला मागासलेला म्हणतील. पण ज्याला रोज सकाळी चढ चढून वर्गात बसायचं आहे, त्याला आपल्या बाजारात दुरुस्त होणारी सायकल हवी असते. माप चुकलेला चिमटा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्या मिस्त्रींसारखा ‘नाही’ म्हणणारा माणूस तुमच्या गावात असेल, तर सायकल त्याच्याकडेच न्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)