लिनेआ: वनफुलाचे नाव

स्वीडनमध्ये मुलींना हौसेने ठेवले जाणारे, परंतु युरोपच्या उत्तरेबाहेर विरळाच कानी पडणारे ‘लिनेआ’ हे नाव ज्या फुलावरून आले, ते तेथील सूचिपर्णी अरण्यांत भूमीलगत पसरणाऱ्या वनस्पतीचे, जोडीने उमलणारे, फिकट गुलाबी, सुगंधी फूल होय. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस याच्या या आवडत्या वनस्पतीस त्याचेच नाव त्याचा स्नेही ग्रोनोव्हियस याने दिले, आणि १७३७ साली ते ग्रंथात दाखल झाले. मौज अशी, की ‘लिनिअस’ हे कुलनामही वंशपरंपरेने चालत आलेले नव्हते. कार्लच्या वडिलांना विद्यापीठाच्या दप्तरी आडनाव नोंदवणे प्राप्त झाले, तेव्हा त्यांनी ते घरच्या जमिनीवरील एका विशाल लिंडेन वृक्षावरून सिद्ध केले. आज स्वीडनमध्ये ‘लिनेआ’ हे बहुधा मुलीचे दुसरे नाव म्हणून दिले जाते.