पावलांनाही साक्ष देऊ द्या

(कराड येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहाचा आणि दवाखान्याचा अहवाल आत्ताच वाचून झाला. मी त्याची उजळणी करत नाही. मला आज एकच मागणी तुमच्यापुढे ठेवायची आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मंडळीच्या मैदानावर आदिवासी मुलामुलींच्या नृत्याचा एक खुला कार्यक्रम व्हावा. तिकीट नको, पास नको, पुढच्या रांगेत राखीव खुर्च्या नकोत. आणि नाच बसवणारेही त्या मुलांमधलेच असावेत, बाहेरून आणलेले सर नकोत.

काहींच्या कपाळावर आठी दिसते. देवाच्या कामाला दिलेल्या पैशांतून नाच? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी पवित्र शास्त्राकडे जाऊ. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामने हाती डफ घेतला आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या. कराराचा कोश आणताना दाविदाने राजेपण बाजूला ठेवले आणि तो परमेश्वरापुढे भर रस्त्यात नाचला. मीखल खिडकीतून पाहत राहिली आणि तिला त्याची लाज वाटली. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या दोन स्तोत्रांतही स्तवनाबरोबर नृत्य आहेच. तेव्हा नाच चालतो की नाही, हा प्रश्न शास्त्राने उघडा ठेवलेला नाही. आपण खिडकीत उभे राहायचे की अंगणात उतरायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

आपल्याच मंडळीचा इतिहास पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, भजन आणि कीर्तन मागे टाकले नाही. ते सगळे घेऊन ते प्रभूकडे आले. आज आपण त्यांची भजने गातो तेव्हा ती परकी वाटत नाहीत. मराठी माणसाचा गळा असा मंडळीत आला. आदिवासी माणसाचे पाऊल मात्र अजून दाराबाहेरच उभे आहे.

त्या पावलाची ताकद पाहायची असेल, तर नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी पाहावी. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून लोक चालत येतात. मोठे ढोल, पावरी, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. रंगमंच नाही, निवेदक नाही, पाहणारे आणि नाचणारे असे दोन गट नाहीत. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही या सणासाठी कोयता खाली ठेवून गावाकडे निघतात.

जव्हार-डहाणूकडचा तारपा नाच घ्या. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरणारी माणसे. वाजवणाऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. त्याने चाल बदलली की सगळ्यांचे पाऊल बदलते. आणि लांब कशाला, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या धनगरांचे गजनृत्य पाहा. ढोलाच्या ठेक्यावर पांढरे घोळदार अंगरखे कसे एकदम फिरतात! हे शिकायला कुणी क्लास लावत नाही. मोठ्यांच्या मागे उभे राहून लहान शिकतात.

मग आपण वेगळे काय करायचे? सांगते. शाळांच्या गॅदरिंगमध्ये ‘आदिवासी नृत्य’ म्हणून काय दाखवतात ते आपण पाहिले आहे. पानांचे झगे, तोंडाला काळा रंग आणि सिनेमातले गाणे. कुठल्याच पाड्यावर असे कुणी नाचत नाही. आमच्या वसतिगृहातल्या मुलांनाही असा नाच करायला लावला गेला आहे आणि त्या दिवशी त्यांच्या माना खाली होत्या.

त्याच वसतिगृहातल्या अकरावीच्या एका मुलीने यंदा स्वतः एक नाच बसवला. तिचे आईवडील ऊस तोडतात. वाकून ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे, हे सगळे तिने होळीच्या ढोलाच्या ठेक्यात बांधले. तिला कुणी शिकवले नव्हते. फळीवर पाय घसरतो, तिथे ढोल थांबतो. आपण सगळे उसाच्या पट्ट्यात राहतो, चहात साखर घालतो. हा नाच कराडने पाहायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता खर्चाचे. ‘मोफत’ म्हणताना मोफत कुणासाठी, हे आधी ठरवू. पाहणाऱ्याला मोफत, नाचणाऱ्याला नव्हे. त्यांचे येण्याजाण्याचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी आपण द्यायची. नाच बसवणाऱ्याला वेगळे मानधन द्यायचे आणि त्याचे नाव पत्रिकेत छापायचे. ढोल वाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांना तालमीसाठी महिनाभर आधी बोलवायचे, म्हणजे मुलांच्या मागे जाणते उभे राहतील. कपडे कोणते, ठेका कोणता, हे मुलेच ठरवतील.

एक पथ्य मात्र पाळायचे. काठीच्या होळीत नाचणारे कित्येकजण नवस फेडत असतात, त्यासाठी दिवसच्या दिवस कडक नेम पाळतात. तो त्यांचा सण आहे. तो नवस इथे आणून तमाशा करायचा नाही. आमच्या वसतिगृहात ख्रिस्ती घरांतली मुले आहेत, तशी इतर घरांतलीही आहेत. हा कार्यक्रम कुणाचा धर्म बदलण्यासाठी नाही. देवाने ज्या लेकरांना हे दान दिले, त्यांनी ते ताठ मानेने दाखवावे, इतकाच हेतू आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. महिला मंडळाने जेवण उचलावे, तरुण संघाने मैदान आणि दिवे पाहावेत, आणि प्रत्येक घराने एका नाचणाऱ्याचे भाडे द्यावे. आणि शेवटच्या नाचाला ही मुले तुमच्यापुढे हात करतील, तेव्हा खुर्चीला चिकटून बसू नका. पाऊल चुकले तरी चालेल, शेजारचा सावरून घेतो. गोल नाचाची ती रीतच आहे.

देवबाप या कामाला आशीर्वाद देवो. आमेन.