इंधनाची भाववाढ आणि वाहनचालकांचा लढा



पेट्रोल पंपावरचे आकडे चढू लागले की वाहनचालकांच्या मनात संताप दाटतो, आणि तो संताप न्याय्य असतो. ज्याचे पोट चाकावर चालते त्याच्या दृष्टीने इंधन ही चैन नव्हे. सुताराला जशी करवत तसे त्याला ते. एक भाजी महागली तर माणूस दुसरी घेतो. डिझेल महागले म्हणून ट्रकवाल्याला टाकीत पाणी भरता येत नाही. तेव्हा या संतापाबद्दल कोणी कोणाला उपदेश करण्याचे कारण नाही. विचार करायचा तो त्याला कोणती वाट मिळते याचा. गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांतील वाहनचालकांनी अनेक वाटा चोखाळून पाहिल्या आहेत, आणि त्यांतील काही कोठेही पोहोचत नाहीत हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे.

त्यांतली सर्वांत सोपी वाट म्हणजे एक दिवस पेट्रोल न घेण्याची. ३० एप्रिल १९९९ या दिवशी कोणीही पेट्रोल घेऊ नये, असे आवाहन अमेरिकेत हातोहात पसरले होते आणि त्यानंतरही भाव चढले की ते पुनःपुन्हा डोके वर काढीत राहिले. तो दिवस शुक्रवार होता. ज्याने गुरुवारी टाकी भरून ठेवली किंवा शनिवारी भरली, त्याने तेल कंपनीचे काय बिघडवले? तिच्या खातेवहीत विक्री एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली, इतकेच. झळ बसलीच तर ती कोपऱ्यावरच्या लहान पंपचालकाला आणि त्याच्याकडे रोजावर नळी धरणाऱ्या पोराला. एकाच कंपनीवर बहिष्कार घालावा असेही सुचवले जाते. परंतु तेलशुद्धीकरण कारखान्यातला माल कंपन्या एकमेकींना विकीत असतात. एका पाटीखाली न खपलेले पेट्रोल दुसऱ्या पाटीखाली खपते. उरला काटकसरीचा उपाय. टायरमधील हवा योग्य ठेवावी, सिग्नलपाशी इंजिन बंद करावे, हे सर्व खरे आणि ज्याने त्याने करावे असेच आहे. पण वर्षानुवर्षे ट्रक चालवणाऱ्या माणसाला हे शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखे आहे.

यापेक्षा वेगळी वाट अमेरिकेतील ट्रकचालकांनी १९७३-७४ च्या हिवाळ्यात धरली. ती हकीकत थोडी विस्ताराने पाहण्याजोगी आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. १६ ऑक्टोबरला आखातातील तेल उत्पादक देशांनी खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ५.१२ डॉलरवर नेला. पाठोपाठ अरब देशांनी इस्रायलला साह्य करणाऱ्या अमेरिकेचा तेलपुरवठा तोडला. आणि १ जानेवारी १९७४ पासून भाव ११.६५ डॉलर झाला. अमेरिकेतील पेट्रोल मे १९७३ मध्ये गॅलनला सरासरी ३८.५ सेंट होते, ते जून १९७४ मध्ये ५५.१ सेंटवर पोहोचले. पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम यावर पेट्रोल मिळण्याचा दिवस ठरू लागला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपचालकांना शनिवारी रात्री नऊपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत विक्री बंद ठेवण्याची विनंती केली, आणि २ जानेवारी १९७४ रोजी साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली.

त्याग सर्वांनीच करायचा आहे, असे तेव्हा सांगितले जात होते. पण त्याग सर्वांना सारखा पडत नसतो. मोटारीने कचेरीत जाणाऱ्याला वेगमर्यादेमुळे दहा मिनिटे उशीर होई. स्वतःच्या मालकीचा एकच ट्रक, तोही बँकेच्या कर्जावर घेतलेला, चालवणाऱ्या स्वतंत्र चालकाची मजुरी मैलावर किंवा खेपेवर असे. त्याचा वेग घटला की आठवड्याची कमाई घटे आणि हप्ता मात्र तेवढाच राही. पंपावर त्याला हवे तेवढे डिझेल मिळेना, मिळे ते महाग. असे स्वतंत्र चालक त्या देशात लाखाच्या आसपास होते. कायद्याच्या भाषेत ते धंदेवाईक मालक, म्हणजे कामगारांत त्यांची गणना नाही. आणि व्यवहारात पाहावे तर दिवसाचे चौदा तास राबणारे मजूर. ट्रकचालकांची बलाढ्य संघटना टीमस्टर्स त्यांच्या मदतीला आली नाही. तिच्या नेतृत्वाने बंदला विरोधच केला.

डिसेंबर १९७३ च्या आरंभी पेनसिल्व्हानियातील इंटरस्टेट ८० या महामार्गावर डिझेलअभावी अडचणीत आलेल्या एका चालकाने आपला ट्रक भर रस्त्यात उभा केला. गाडीतील लहान रेडिओवरून त्याने आसपासच्या चालकांशी बोलणे केले, आणि काही वेळात त्याच्यामागे शेकडो ट्रक उभे राहिले. ना सभा, ना पत्रक, ना पदाधिकारी. हेच लोण ओहायो व इतर राज्यांत पोहोचले. डिसेंबरमध्ये दोन दिवसांचा बंद झाला; जानेवारीअखेर दुसरा, अधिक व्यापक बंद सुरू झाला आणि तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला. बाजारपेठांत मांस व भाजीपाला कमी पडू लागला, कारखान्यांत सुटे भाग पोहोचेनात. काही राज्यांनी नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यावर आणले. बंद न पाळणाऱ्या ट्रकांवर दगडफेक व गोळीबार झाले, प्राणहानी झाली. या हिंसेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही: तिच्यात बळी पडला तो दुसरा चालकच, तेल कंपनीच्या दिवाणखान्यातील काचही फुटली नाही.

अखेर पेनसिल्व्हानियाचे गव्हर्नर मिल्टन शॅप यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या. चालकांची मुख्य मागणी होती डिझेलचा भाव खाली आणा. ती मान्य झाली नाही. मिळाले ते वेगळेच: मालवाहतुकीच्या दरावर ६ टक्के इंधन अधिभार, आणि तो ज्याच्या खिशातून डिझेलचे पैसे जातात त्याच्या हाती पडावा ही अट.

चालकांपैकी पुष्कळांना हा समझोता फसवा वाटला, आणि भाव खाली आला नाही हे खरेच होते. तरीही त्या अटीचे मोल ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत त्या काळी आंतरराज्य मालवाहतुकीचे दर सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली ठरत. परवाना असे मोठ्या वाहतूक कंपनीकडे. स्वतंत्र चालक आपला ट्रक तिला करारावर देई आणि भाड्यातील वाटा घेई. डिझेल मात्र त्याने भरायचे. म्हणजे आयोगाने दर वाढवून दिला तरी वाढीतला हिस्सा कंपनीच्या गल्ल्यात अडकण्याची सोय होतीच. ६ टक्क्यांच्या त्या अटीने प्रथमच विचारले गेले की वाढलेल्या भावाचा बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर राहतो. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सात बड्या तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना शपथेवर उभे करून त्यांच्या वाढत्या नफ्याबद्दल खडसावले गेले. वृत्तपत्रांना मथळे मिळाले. चालकाच्या पदरात पडले ते त्या चौकशीतून नव्हे, अधिभारातून.

महागाई ही पाण्यासारखी उताराकडे वाहते. ज्याला पुढच्यावर ढकलता येते तो ढकलतो: तेल कंपनी वाहतूक कंपनीवर, वाहतूक कंपनी व्यापाऱ्यावर, व्यापारी गिऱ्हाइकावर. ज्याला ढकलण्यास पुढे कोणी नाही त्याच्याजवळ ती साचते.

फ्रान्समध्ये २०१८ साली जे लोक रस्त्यावर आले ते असेच. त्यांतील बहुतेकांजवळ भाडे घेणारे वाहनच नव्हते. लहान गावांतून कामाला जाण्यासाठी मोटारीवाचून गत्यंतर नसलेली ती माणसे. १ जानेवारी २०१९ पासून डिझेलवर लिटरला ६.५ व पेट्रोलवर २.९ सेंट कर वाढायचा होता. प्रत्येक मोटारीत ठेवणे कायद्याने सक्तीचे असलेले पिवळे जाकीट अंगावर चढवून १७ नोव्हेंबर रोजी, सरकारी मोजणीप्रमाणेच सुमारे २ लाख ८० हजार माणसे चौकाचौकांत उतरली. ५ डिसेंबरला करवाढ रद्द झाली. लोक तरीही हटले नाहीत, तेव्हा १० डिसेंबरला अध्यक्ष माक्राँ यांना किमान वेतनावर काम करणाऱ्यांच्या हाती दरमहा १०० युरो अधिक पडतील असे जाहीर करावे लागले. पंपावरून निघालेली मागणी वेतनापर्यंत गेली हे स्वाभाविकच होते. ज्याला भाडे वाढवता येत नाही त्याने आपले श्रमच महाग केले पाहिजेत. (हवामानाच्या रक्षणासाठी इंधनावर कर हवा, असा युक्तिवाद त्या सरकारने केला होता. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु संपत्तीवरील कर आदल्याच वर्षी हलका करणाऱ्या सरकारच्या तोंडी तो लोकांना पटला नाही.)

आता आपल्या देशाकडे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. जगाच्या बाजारात भाव चढला तर तो ग्राहकाने द्यावा, उतरला तर त्याला मिळावा, असे तेव्हा सांगण्यात आले. २०२० च्या वसंतात महामारीमुळे खनिज तेलाचे भाव कोसळले. मे महिन्याच्या आरंभी केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवले. त्यामुळे एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर ९.४८ व डिझेलवर ३.५६ रुपये असलेले हे शुल्क ३२.९८ व ३१.८३ रुपये झाले. उतरत्या भावाचा लाभ वाटेतच अडवला गेला. पुढे जागतिक भाव सावरले तेव्हा शुल्क तसेच राहिले, आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी करण्यात आले, तरी ते २०१४ च्या पातळीपासून दूरच राहिले.

पेट्रोल श्रीमंतांच्या मोटारींत जाते, त्यावर कर बसला तर गरिबाचे काय बिघडते, असे म्हणणारे अजून भेटतात. पेट्रोलियम खात्याच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, किरकोळ विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६० टक्क्यांहून अधिक दुचाकींच्या टाकीत जाते असे आढळले होते. दूधवाला, औषधांचा विक्रेता, घरोघर डबे पोहोचवणारा, हे त्या टक्केवारीतले लोक होत. त्यांना मीटर नाही, अधिभार नाही.

मीटर असणाऱ्यांची स्थिती किंचित बरी, पण किंचितच. मुंबईत ऑटोरिक्षाचे किमान भाडे मार्च २०२१ मध्ये १८ वरून २१, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. मधल्या काळात सीएनजीचा भाव एकट्या २०२२ सालातच अनेकदा बदलला. इंधन आठवड्यात महागते, भाडे वर्षादोन वर्षांनी वाढते. त्या मधल्या दिवसांचा तोटा चालकाने सोसायचा, आणि भाडे वाढले की प्रवाशाने त्यालाच लुटारू म्हणायचे. मोबाइलवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या चालकाला तर आपले भाडे कोण ठरवतो त्याचे तोंडही दिसत नाही.

जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसने पुकारलेला देशव्यापी चक्का जाम आठ दिवस चालला. डिझेलचे दर रोज बदलू नयेत, ही त्यातली एक मागणी होती. बंद मागे घेताना हाती आले ते मुख्यतः आश्वासन. ही संघटना ट्रकमालकांची. तिच्यात एकदोन ट्रकांचा मालक आहे तसा शेकडो ट्रकांचाही. मोठ्याला माल देणाऱ्या कारखान्याशी भाड्यात इंधनाची तरतूद करून घेता येते. लहान मालक दलालाच्या कचेरीत बसून जे भाडे मिळेल ते घेतो.

मुंबईहून दिल्लीला सुमारे १,४०० किलोमीटर जाणारा ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर एका खेपेस ३५० लिटर डिझेल लागते. लिटरमागे पाच रुपये वाढले की एका खेपेत १,७५० रुपये गेले. माल भरण्याच्या दिवशी डिझेलचा भाव काय होता, तो किती वाढला म्हणजे भाडे किती वाढेल, आणि ती वाढ बिल्टीवर वेगळी दाखवून डिझेल भरणाऱ्याच्या हाती कधी पडेल, एवढी तीन वाक्ये करारात लिहून घेणे हे लहान मालकांच्या संघटनेला आजही अशक्य नाही. एकट्या मालकाला ते अशक्य आहे. त्या ट्रकवर पगारी नोकर असलेला चालक याही करारात येत नाही. मालक त्याला ठरावीक ॲव्हरेजप्रमाणे डिझेल मोजून देतो आणि घाटात, वाहतुकीच्या कोंडीत किंवा जकातवजा तपासण्यांच्या रांगेत जास्त जळले तर तूट त्याच्या पगारातून कापतो. डिझेल जितके महाग तितकी कपात मोठी. भाडेवाढीच्या वाटाघाटीत ट्रकमालकांसमोर बसायचे ठरेल तेव्हा ही कपात बंद करण्याचे कलम पहिल्या मसुद्यातच असले पाहिजे, कारण नंतर ते घालायला कोणी जागा ठेवत नाही.