गंज, पाटे आणि अंगणातली दुरुस्ती



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, अर्थकारण, साहित्य आणि धर्मविचार यांची चर्चा होत आली आहे. माझे नाव पत्रिकेत पाहून ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा काही विषय असेल, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. परंतु मी आज बोलणार आहे ते जुन्या मोटारीच्या गंजाबद्दल आणि झिजलेल्या पाट्यांबद्दल. हा विषय या व्यासपीठाला कमी प्रतीचा आहे, असे मला वाटत नाही. ज्याच्या घरची चूल जुन्या गाडीवर चालते, त्याला तर तो वेदान्ताहूनही जवळचा आहे.

मी अभियंता नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, न्यायालयांच्या निकालपत्रांतून आणि मुख्यतः हाताने काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून. संघटनेच्या कामासाठी सांगली, मिरज, बुधगाव, तासगाव या भागात जो प्रवास केला, तो बहुतेक जुन्या गाड्यांतून. त्या वाटेत जितक्या वेळा बंद पडल्या, तितक्या वेळा मला एकेक धडा मिळाला.

आपल्या माधवनगरात कापडगिरणी होती. तिचा भोंगा बंद झाला तेव्हा हाताला काम नसलेल्या माणसांनी मिळेल तो उद्योग धरला. त्यांतल्या एका गृहस्थाने फंडाच्या पैशातून एक जुनी मोटार घेतली. लग्नाची वऱ्हाडे, दवाखान्याच्या फेऱ्या, असे भाडे मारून संसार चालवावा हा विचार. गाडीचा रंग आरशासारखा होता. एक पावसाळा गेला आणि ऐन रस्त्यात गाडीचा मागचा एक कोपरा खाली बसला. पाटा ज्या ठिकाणी बॉडीला धरलेला असतो तेथला पत्राच फाटला होता. उकरून पाहिले तर रंगाखाली लांबी, लांबीखाली वर्तमानपत्राचे बोळे आणि त्याखाली गंज. विकणाऱ्याने पत्रा विकला नव्हता, रंग विकला होता. त्या माणसाची आयुष्याची पुंजी त्या बोळ्यांत गेली. अशी फसवणूक टळावी आणि आहे ती गाडी घरच्या घरी टिकवता यावी, एवढ्यासाठी हे व्याख्यान.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. आपल्या भागात जिला अजूनही लोक ‘फियाट’ म्हणतात, ती पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मराठी कामगारांच्या पिढ्या खपल्या. १९६४ पासून ही गाडी तेथे तयार होऊ लागली आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र गावोगाव अजून आहेत.

या गाडीच्या रचनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी तुळयांची वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. पद्मिनीला आणि अँबॅसडरलाही तशी वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी, तळाचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी मिळून सारा भार पेलतात. म्हणून जीपच्या बाजूचा पत्रा गंजला तर शोभा जाते, पण पद्मिनीच्या दाराखालची पट्टी गंजली तर गाडीचा कणा जातो.

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की लोखंड आपले रूप सोडून तांबूस भुकटी होऊ लागते. मीठ असले की ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून कोकणातली गाडी घाटावरच्या गाडीच्या आधी खंगते. ही भुकटी मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त जागा व्यापते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज शिरला की तो त्यांना पाचरीसारखा फाकवतो आणि वरचा रंग फुगतो. रंगावर लहानसा फोड दिसला, तर आतले काम बरेच आधी सुरू झाले आहे असे समजावे.

आपल्याकडे समुद्र नाही, पण कृष्णाकाठची काळी माती आहे. ही माती चाकांच्या कमानीत लिंपून बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आत दिवसचे दिवस ओल धरते. त्यात पूर. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीने पूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. त्या पाण्यात ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यांच्या इंजिनांची साफसफाई झाली, गाद्या उन्हात वाळल्या, परंतु दाराखालच्या पोकळीत बसलेला गाळ कोणी काढला? त्या पोकळीला खालून पाणी जाण्याची भोके असतात. ती मातीने बुजली की पोकळीची टाकी होते. म्हणून पहिली दुरुस्ती अगदी फुकटची आहे: पावसाळ्यानंतर तारेने ती भोके मोकळी करा, कमानींतली माती पाण्याने धुऊन काढा आणि आतले पायपोस उचलून तळाला ऊन दाखवा.

आता तपासणी. लोहचुंबक घ्या आणि त्यावर पातळ फडके गुंडाळून रंगावरून फिरवा. पत्रा असेल तेथे चुंबक धरते, जाड लांबी भरलेली असेल तेथे सुटते. मग हातोडीच्या दांड्याने हळूच वाजवा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंका येईल तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. ते आत गेले तर वाईट वाटून घेऊ नका. भोक स्क्रूड्रायव्हरने पाडलेले नसते, आधीच पडलेले असते. दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, चाकांच्या कमानी आणि विशेषेकरून पाट्यांची टोके जेथे बॉडीला धरलेली आहेत त्या जागा तपासाव्यात. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. सस्पेन्शन जेथे धरलेले असते त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजाने कमकुवत झालेला आढळला, तर तेथे गाडी नापास होते. हा नियम आपणही मनात ठेवावा.

गंज वरवरचा असेल तर काम घरी होते. तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. खड्ड्यांत जो गंज उरतो त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावतात. त्यामुळे गंजाचे रूपांतर एका घट्ट, काळपट थरात होते. दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्यामुळे त्यावर असाच एक संरक्षक थर तयार झाला, असे शास्त्रज्ञ सांगतात. द्रावण लावताना हातमोजे आणि चष्मा घालावा. थर वाळल्यावर प्रायमर, मग रंग, आणि खालच्या बाजूस डांबरी लेप. मात्र डांबर ओल्या गंजावर कधीही फासू नये. तसे केल्यास ओल आत कोंडते आणि गंज दिसेनासा होऊन वाढत राहतो.

पत्र्याला भोक असेल तर एकच उपाय: सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढणे आणि नवा पत्रा वेल्ड करणे. हे वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावे. परंतु उकरणे, घासणे, कागदाचा साचा करून पत्रा कापणे ही निम्मी मजुरी घरी वाचते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा, गादी आणि पायपोस बाहेर काढा. काम झाल्यावर पोकळीत पातळ तेल किंवा मेण फवारून घ्या, कारण वेल्डची आतली बाजू रंगाविना उघडी राहिलेली असते.

आता सस्पेन्शनकडे वळू. पद्मिनीला पुढे गुंडाळी स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एका बाजूस ते बरेच कमी भरले, तर तिकडचा पाटा बसला आहे किंवा त्याचे एखादे पान तुटले आहे. नंतर एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा खाली जाऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक. झोपाळ्यासारखी हलत राहिली तर गेले. खड्ड्यात ‘खट्ट’ असा आवाज येत असेल तर रबरी बुश पाहा. टायर एकाच कडेने खात असेल तर पुढचे बुश, किंगपिन आणि चाकांची जुळणी तपासा. किंगपिनला ग्रीस देण्याची निपले असतात. वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तर ती वर्षानुवर्षे टिकतात. चिखल साचून निपल बुजले, तर ग्रीस बाहेरच्या बाहेर पडते आणि आपले मात्र समाधान होते.

मागचे पाटे उतरवण्याचे काम दोन माणसांनी अंगणात होण्यासारखे आहे. यू-बोल्ट गंजून धरलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांवर तेल सोडून ठेवावे. पाटा खोलताना पाने शिकंज्यात घट्ट धरल्याशिवाय मधला बोल्ट काढू नये, कारण पाने उसळतात. बसलेला पाटा पाटेवाल्याकडून पुन्हा बाक देऊन घेता येतो, तुटलेले पान मात्र बदलावे. पाटे आणि शॉकअप एका आसावर जोडीनेच बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. आणि बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करूनच. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटते. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. पुढची गुंडाळी स्प्रिंग मात्र घरी काढू नये. चाक उचललेले असले तरी ती दाबलेलीच असते. योग्य शिकंजा नसताना खालचा हात सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ते काम गॅरेजचे.

मित्रहो, आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. विटांवरही विसंबू नये, वीट न सांगता फुटते. गाडी कठीण, सपाट जमिनीवर घ्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा, निरोगी पत्र्याखाली लोखंडी घोडे द्या आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहा. कारखान्यात अपघात झाला तर भरपाई मिळावी म्हणून १९२३ साली या देशात कायदा झाला, आणि त्या हक्कासाठी आम्ही लोकांनी पुष्कळ जोडे झिजवले आहेत. परंतु रविवारी स्वतःच्या अंगणात स्वतःच्या गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या बायको-मुलांसाठी मी कोणाच्या दारात मोर्चा नेऊ? ज्या रविवारच्या सुटीत आपण हे काम करतो, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना मिळाली. ती जगण्यासाठी मिळाली आहे.

काही जण विचारतील, इतकी खटपट कशासाठी? नवी गाडी घ्यावी. ज्याला शक्य आहे त्याने अवश्य घ्यावी. जुन्या गाडीचा धूर अधिक असतो, अपघातात तिचे संरक्षण कमी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी खर्चही वाढला आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याची फी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी दहा हजार करण्यात आली. म्हणून हिशेब आधी करावा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, तळ आणि पाट्यांच्या चारही जागा सडल्या असतील, तर ती गाडी मोडीत द्यावी. तिच्यावर रंग चढवून दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात बांधू नये. पण सांगाडा शाबूत असेल आणि दोष पाट्यांत, बुशांत किंवा चार वितींच्या पत्र्यात असेल, तर गाडी राखण्यात शहाणपण आहे.

या कामासाठी पदवी लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावात सायकलींचा व्यवसाय होता. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले आणि १९१० साली येथून जवळच किर्लोस्करवाडी वसवली. सर्वांनाच कारखाने काढता येणार नाहीत. परंतु एका आळीतल्या चार घरांनी मिळून एक चांगला जॅक, चार घोडे, एक ग्रीसची पिचकारी आणि पान्यांचा एक संच घेता येईल. एकट्याला जे परवडत नाही ते चौघांना परवडते, एवढे तर संघटनेने आपल्याला शिकवलेच आहे. असा संच कोणी करणार असतील, तर घोडे कसे निवडावेत आणि पहिली तपासणी कशी करावी, हे दाखवायला मी येत्या कोणत्याही रविवारी येईन. पावसाळ्याला अजून थोडे आठवडे आहेत. तेवढ्यात भोके मोकळी करून घ्यावीत, ही विनंती.