डॉक्टरच्या शेजारचा माणूस



मुलांनो, दिल्लीच्या थंडीत, परीक्षा तोंडावर असताना, तुम्ही इतकं नेटकं मराठी नाटक बसवलंत याचं मनापासून कौतुक. पडद्यामागे दिवे सांभाळणाऱ्या मुलांचंही.

मी मेंदूच्या गाठींवर शस्त्रक्रिया करते. निमंत्रण द्यायला आलेल्या तुमच्या शाळेच्या बाई म्हणाल्या, आमची अकरावी-बारावीची निम्मी मुलं शाळा सुटली की कालू सरायच्या प्रवेशपरीक्षांच्या क्लासला पळतात, त्यांना डॉक्टरकीविषयी सांगा. सांगते. पण माझ्या क्षेत्रातले जे डॉक्टर मला सगळ्यांत मोठे वाटतात, ते शस्त्रक्रिया करून थांबले नाहीत. काहीतरी अडलं, हातातलं हत्यार पुरेना, म्हणून त्यांनी नवं घडवलं. आणि त्यांतलं बरंचसं त्यांनी एकट्यानं घडवलेलं नाही.

बोस्टनचे हार्वे कुशिंग घ्या. मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते हेच. त्या काळी कवटी उघडली की खरा शत्रू असायचा रक्तस्राव. पोटात, पायात रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्यानं बांधता येते. मेंदू खरवसासारखा मऊ, तिथे दोरा ओढायची सोय नाही. १९११ साली कुशिंग यांनी चांदीची बारीकशी क्लिप वापरायला सुरुवात केली. तीही सगळीकडे पुरी पडत नव्हती. अर्धवट सोडून दिलेल्या शस्त्रक्रियांची त्यांच्याकडे यादीच होती: गाठ दिसते आहे, पण हात लावला तर माणूस जाईल.

त्याच गावात, हार्वर्डमध्ये, विल्यम बोवी नावाचे गृहस्थ होते. डॉक्टर नव्हेत. त्यांनी डॉक्टरेट केली होती वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रात! विजेच्या प्रवाहानं ऊती कापणारं आणि रक्तवाहिनीचं तोंड जागीच बंद करणारं एक यंत्र त्यांनी तयार केलं होतं. १ ऑक्टोबर १९२६ ला कुशिंग यांनी ते यंत्र आणि ते गृहस्थ, दोघांनाही शस्त्रक्रियागृहात नेलं. रुग्ण असा, ज्याची शस्त्रक्रिया काही दिवसांपूर्वीच रक्तस्रावामुळे अर्ध्यावर थांबवावी लागली होती. या खेपेला गाठ निघाली. त्यानंतर कुशिंग यांनी काय करावं? आधी परत पाठवलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतलं. मला हा माणूस थोर वाटतो तो इथे. आपल्याला न जमलेल्या रुग्णांचा त्यांनी पत्ता जपून ठेवला होता. आजही आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्या यंत्राला 'बोवी' म्हणतात. कुशिंगचं नाव त्यावर नाही, आणि ते बरोबरच आहे.

अशा जोड्या पुढेही जमल्या. अमेरिकेतले न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम आणि रसायन अभियंता रॉबर्ट लँगर यांनी औषध भरलेली एक चकती बनवली. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत ती ठेवायची आणि ती विरघळत औषध सोडत राहते. रक्तातून दिलेली बरीच औषधं मेंदूत शिरतच नाहीत, म्हणून ही युक्ती. १९९६ साली तिला मान्यता मिळाली. तिनं ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मोठ्यांना होणारा मेंदूचा सर्वांत उग्र कर्करोग, बरा होत नाही. चाचणीत आयुष्य साधारण दोन महिन्यांनी वाढलं. दोन महिने. आमच्या क्षेत्रात यश असंही मोजावं लागतं, हे तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता लहान मुलांकडे येते. माझं मन तिथे जास्त अडकतं.

लहान मुलांतल्या मेंदूच्या अनेक गाठी डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूपाशी होतात. मेंदूभोवती आणि मेंदूतल्या पोकळ्यांत एक स्वच्छ पाणी सतत फिरत असतं. मोठ्या माणसात रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतं आणि तितकंच शोषलं जातं. गाठ वाढली की नेमकी त्या पाण्याची वाट बंद होते. मूल सकाळी उठल्या उठल्या उलटी करतं, डोकं दुखतं म्हणतं, चालताना झोक जातो. कित्येकदा पोटाचं औषध घेण्यातच आठवडे जातात. मग कुणीतरी स्कॅन काढतं आणि आई-वडील आमच्यासमोर येऊन सांगतात, 'डॉक्टर साहब, सर में पानी भर गया है.'

या पाण्याला वाट करून द्यायला शंट लागतो. माझ्या हातात आहे तो हा. मागच्या रांगेला दिसणार नाही, कारण तो आहेच एवढासा: सिलिकॉनची मऊ नळी. हे टोक मेंदूतल्या पोकळीत जातं. इथला हा फुगीर भाग म्हणजे झडप. बाकीची नळी कानामागून, मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटात उतरते आणि पाणी तिथे शोषलं जातं. सगळी करामत झडपेत आहे. दाब वाढला की उघडायचं, उतरला की मिटायचं. जास्त उघडी राहिली तर मेंदूतून गरजेपेक्षा जास्त पाणी निघून जातं, बंद पडली तर मूल बेशुद्ध होतं. आता गाठ काढल्यावर सगळ्यांना शंट लागत नाही, दुर्बिणीतूनही वाट काढता येते. पण ज्याला लागतो, त्याला लागतोच.

ही झडप सुधारणाऱ्यांत एक नाव तुम्ही वाचनालयात पाहिलेलं आहे. रोआल्ड डाल, चार्ली आणि चॉकलेट फॅक्टरीवाले. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीनं धडक दिली. डोक्यात पाणी साठू लागलं, शंट बसवला, तो तुंबला, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा तुंबला. डाल यांच्या ओळखीचे स्टॅन्ली वेड हे खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी इवले पंप बनवायचे. डाल यांनी वेड यांची गाठ लंडनचे न्यूरोसर्जन केनेथ टिल यांच्याशी घालून दिली. लेखक, कारागीर आणि डॉक्टर अशा तिघांनी १९६२ पर्यंत सहजी न तुंबणारी झडप तयार केली. तोवर डाल यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती, पण ती हजारो मुलांना बसवली गेली. तिघांनी तिच्यावर नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

आपल्याकडे प्रश्न वेगळा होता. परदेशी झडप उत्तम, पण इतकी महाग, की घेणार कोण? इथे, आपल्या एम्समध्ये, बालशल्यचिकित्सक डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय यांनी स्वस्त देशी शंट तयार केला. 'उपाध्याय शंट' म्हणून तो देशभर वापरला गेला. पुढे लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाब्रा यांचा शंट आला. तो शहाजहानपूरला बनतो. तुमच्यापैकी जे लखनौ मेलनं गेले असतील त्यांना ते स्टेशन माहीत असेल.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा संशय घेणारे तेव्हाही होते. संशय घ्यावाच. अलीकडचं उदाहरण घ्या: एम्सचेच न्यूरोसर्जन डॉ. दीपक अग्रवाल आणि तरुण रोबोटिक्स अभियंता दिवाकर वैश यांनी फोनच्या साह्यानं चालणारा छोटा, स्वस्त व्हेंटिलेटर केला. केवळ श्वासाच्या यंत्रापायी रुग्णालयात अडकलेल्या रुग्णांना घरी जाता यावं हा त्यांचा हेतू. करोनाकाळात काही डॉक्टरांनी त्याबद्दल तक्रारी केल्या, ते बनवणाऱ्या कंपनीनं त्या फेटाळल्या. असे वाद पत्रकार परिषदेत मिटत नाहीत, रुग्णांची नोंद ठेवून, तुलना करूनच मिटतात. छाब्रा शंटची तशी तुलना झाली, तीही युगांडात. १९५ मुलं, एका गटाला छाब्रा शंट, दुसऱ्याला नामवंत अमेरिकी शंट. २००५ साली निष्कर्ष छापून आला: वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. अमेरिकी शंटची किंमत सुमारे ६५० डॉलर, आपल्याची सुमारे ३५. मी तो निबंध दर वर्षी माझ्या निवासी डॉक्टरांना वाचायला लावते.

आता तुमच्याकडे येते. २०२४ साली नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी २४ लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच जास्त होत्या. म्हणजे या सभागृहात डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती जागा मिळणार नाही. निकालाच्या दिवशी घरात सुतकी वातावरण असेल. पालकहो, तेव्हा बोवी आठवा, पंपवाले वेड आठवा. मेट्रोच्या यलो लाइनवर एम्सनंतर ग्रीन पार्क, मग हौज खास. तिथून आयआयटी जवळच. एम्सचा न्यूरोसर्जरी विभाग आणि आयआयटी मिळून शिकाऊ सर्जनांच्या सरावासाठी साधनं तयार करत आहेत. मेंदूचा कर्करोग मला एकटीला झेपणारा नाही. मला धातू कळणारा, रसायन कळणारा, गणित कळणारा माणूस शेजारी हवा आहे, आणि तो मला अजून पुरेसा मिळालेला नाही.

एक अडलेलं काम सांगते आणि थांबते. शंट आजही तुंबतो. लहान मुलांत पहिल्या वर्षातच दहापैकी तीन-चार बंद पडतात. बुलंदशहरजवळच्या खेड्यात रात्री मुलाला उलटी झाली, तर ती पोटामुळे की शंटमुळे, हे आईला कळायचा मार्ग नाही. ती गाडी करून दिल्लीला येते, आम्ही सीटी स्कॅन काढतो, कधी ते नुसतंच अपचन असतं. कधी ती यायला उशीर करते. घरच्या घरी, शंभर-दोनशे रुपयांत, पाणी वाहतंय की नाही हे सांगणारं काहीतरी हवं आहे. हा शंट मी तुमच्या विज्ञानाच्या बाईंकडे ठेवून जाते आहे. कापून बघा, पाणी सोडून बघा. काही सुचलं तर बाईंना माझा नंबर माहीत आहे.